निशाणी बांगडी

१

१९२७ सालच्या एप्रिलात दप्तराच्या छाटणीसाठी मला घाटाखालच्या एका ठाण्याच्या मामलेदार कचेरीत पाठविण्यात आले. ठाण्याचे नाव मी लिहीत नाही. कर्जतेहून खालापुराकडे जाताना ते लागते, एवढे पुरे. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या नोकरीचा आरंभ त्याच कचेरीत झाला होता.

काम साधे होते. कचेरीत आलेला कागद प्रथम आवक-बुकात चढतो. मग त्यावर टिपण होते, हुकूम होतो, हुकुमाची तामिली होते आणि शेवटी तो ‘दप्तरी दाखल’ होतो. तेथे त्याचा वर्ग ठरतो. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा जपायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा. ‘ड’ वर्गाचा वर्षभराने जाळून टाकायचा. प्रत्येक वर्गाचे कागद निराळ्या फडक्यात बांधतात. त्या गाठोड्याला आम्ही रुमाल म्हणतो. माझ्या आधीच्यांनी वर्षानुवर्षे काहीच न जाळल्यामुळे दप्तरखान्यात माणसाला उभे राहण्यापुरतीच वाट उरली होती. पुढच्या शुक्रवारी प्रांतसाहेबांचा मुक्काम व्हायचा होता. त्यांच्यासमक्ष ‘ड’ वर्गाचे रुमाल परसातल्या खड्ड्यात जाळायचे, यादीवर सही करायची आणि परतायचे.

छापील यादीत शेवटच्या रकान्यावर ‘नष्ट’ असा मथळा असतो. मी तेथे नेहमी ‘जाळला’ असे लिहितो. कागद नष्ट झाला की नाही हे कारकुनाला कसे कळणार? जळताना त्याने पाहिला, एवढेच तो प्रामाणिकपणे सांगू शकतो. वरिष्ठ या हट्टाला हसत असत. मीही पुढेपुढे हट्ट म्हणून नव्हे, तर सवय म्हणून तसे लिहीत राहिलो. पुष्कळ गोष्टी मी आता सवयीने करतो.

मदतीला नागू नावाचा शिपाई होता. लोधिवलीचा कुणबी, पन्नाशी उलटलेला. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळीही तो तेथेच होता. त्याने मला ओळखले आणि म्हणाला, “तात्या, तुमी पार पिकलात की. रुमालच झालाय तुमचा.”

“कोणत्या वर्गाचा?” मी विचारले.

“ते तुमीच ठरवायचं. आमी गाठी सोडनार,” तो म्हणाला.

२

पहिले तीन दिवस काही झाले नाही. झाले असल्यास माझ्या ध्यानात आले नाही, हे म्हणणे अधिक बरोबर.

चौथ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, यादीतील चारशे बारावी नोंद करताना मला टाक जड वाटला. बोटांत धरतो तेथे नव्हे, वर, शेंड्याशी. उभ्या गवताच्या काडीवर चतुर बसला की काडी जेवढी लवते, तेवढाच तो भार. मी टाक उचलला तेव्हा भार गेला. कागदावर टेकवला तेव्हा परत आला.

उपपत्ती हाताशी होत्या. टाकाचा दांडा जुना. दमट कपाटात लाकूड फुगले असेल. वयोमानाने मनगट दुखत असेल. चार दिवसांत मी साडेचारशे नोंदी केल्या होत्या. नागूकडून मी दुसरा टाक मागविला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याने लिहिले. त्याच्याही शेंड्यावर अधूनमधून तो भार येई. मात्र प्रत्येक अक्षराला येत नसे. कोठे येतो ते पाहण्याची मी खबरदारी घेतली. मजकूर लिहिताना शेंडा हलका असे. तारीख लिहितानाही हलका. केवळ सहीच्या जागी आलो की तो जड होई.

त्याच दिवशी आवाजही ऐकू आला. दप्तरखान्याच्या दारामागे, ओसरीकडे, सारवलेल्या भुईवर कोणी पायाच्या अंगठ्याने नख ओढावे तसा. कचेरीत वाट पाहणारी बाई खाली मान घालून असेच करीत बसते. मी उठून पाहिले. ओसरी रिकामी होती, भिंतीकडेचे बाकडेही रिकामे होते. नागू म्हणाला वाळवी असेल, मांडणीच्या लाकडात कुरतडते. मला ते पटले. पटवून घेतले, असे म्हणायला हवे.

३

शनिवारी सकाळी मी आदल्या दिवशीची पाने तपासायला घेतली. प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही असायला हवी होती. पहिल्या सहा पानांवर ती होती. सातव्यावर नव्हती, तेथे एक लहानसे वर्तुळ होते.

सातव्यापासून पुढच्या आठही पानांवर वर्तुळच होते. एका दमात काढलेले, शाई चांगली वाळलेली. माझ्या टाकाची निळी-काळी शाई.

नागूने माझ्या खांद्यावरून पाहिले. “तात्या, ही बांगडी कशापायी काढलीत?” त्याने विचारले. त्याला मौज वाटत होती. “सही इसरलात जनू. आता बायामानसांवानी निशानी करा.”

येथे त्या जुन्या रीतीविषयी सांगायला हवे, कारण आता सर्वत्र अंगठ्याचा ठसा घेतात आणि ती लोपत चालली आहे. लिहिता न येणाऱ्याच्या जबानीखाली त्याच्या धंद्याची निशाणी काढीत. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, बाईची बांगडी. निशाणी काढायची ती कारकुनाने. जबानी देणाराने टाकाच्या शेंड्याला फक्त बोट लावायचे. त्या स्पर्शाने कागद त्याचा होई. त्याआधी मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि खाली ‘वाचून दाखविले, कबूल’ असे लिहायचे. मी त्या रीतीने शेकडो निशाण्या काढल्या आहेत. शेंड्यावर परक्याचे बोट टेकले की टाक किती जड होतो, हे माझ्या हाताला ठाऊक होते. चौथ्या दिवशी दुपारी हाताने ते ओळखले होते; मी लाकूड फुगल्याचे कारण शोधीत होतो.

मी त्या आठ पानांवर वर्तुळांशेजारी पुन्हा सह्या केल्या. पाचवी सही पुरी होता होता तिचे शेवटचे अक्षर वळले आणि त्याचेही वर्तुळ झाले. मी टाक खाली ठेवला आणि उरलेला दिवस गाठोडी मोजण्यात घालविला.

४

सोमवारी नागूने मांडणी भिंतीपासून ओढली, तेव्हा मागच्या फटीत पडलेला एक रुमाल सापडला. फडके उंदरांनी खाल्ले होते. वरच्या चिठ्ठीवर ‘ड, १९०८’ असे लिहिले होते. अक्षर माझे होते.

आतल्या कागदांत बहुतेक सुट्टीचे अर्ज होते. त्यांच्यामध्ये दुमडून घातलेला एक राजीनामा. या शब्दाचा आजचा अर्थ नोकरी सोडणे असा आहे. आमच्या खात्यात राजीनामा म्हणजे खातेदाराने जमीन सोडल्याची लेखी कबुली. असा कागद ‘अ’ वर्गाचा असतो. तो जाळण्याच्या रुमालात चुकून जात नाही.

मजकूर चार ओळींचा होता. लोधिवलीच्या वरच्या वाडीतील मयत कमळ्या ठाकूर याची बायको ठकी हिला डोंगरउतरणीचा वरईचा तुकडा कसवत नाही, म्हणून ती तो राजीखुशीने सोडीत आहे. वाचून दाखविले, कबूल. खाली बांगडी.

मी भुईवर बसलो. कोणी आठवण करून दिल्यासारखे ते नव्हते. मी ते कधी विसरलोच नव्हतो, केवळ त्याचा वर्ग बदलून ठेवला होता.

ते जुलैअखेरचे दिवस होते, महसुली साल संपण्याचे. तलाठ्याने कळविले होते की बाई जमीन सोडते आहे. ती दोन दिवस इरले घेऊन ओसरीवर बसली होती. मी तिला काय हवे ते विचारले नाही. तलाठ्याचे टिपण समोर होते. तिसऱ्या दिवशी कागद तयार झाला, ‘वाचून दाखविले’ हे शब्ददेखील आधीच लिहून. नागूने तिला तीनदा पुकारले. ती पाण्याला गेली होती. मामलेदार फायली बंद करण्यासाठी खोळंबले होते. तेव्हा मी मनाशी असा विचार केला की ती येथे असती तरी वर्तुळ मीच काढले असते. मग तिच्या बोटाने फरक काय पडतो? आणि मी ते काढले. त्या वेळी टाक अगदी हलका होता.

ती परत आली तेव्हा मी सांगितले, काम झाले, जा.

“मी अजून हात नाय लावला,” ती म्हणाली.

मी म्हणालो, गरज नाही. ती बराच वेळ दारात उभी राहिली. कमळ्याला जाऊन दोनच महिने झाले होते. कागदावर बांगडी होती. तिच्या मनगटांत काही नव्हते. ती उभी होती तेथे अंगठ्याने भुई कोरीत होती, आणि त्या आवाजाने मला जमाखर्चाच्या बेरजा पुन्हा कराव्या लागल्या, हेही मला आठवते.

त्याच संध्याकाळी मी राजीनामा ‘ड’ वर्गाच्या रुमालात घातला. वर्षभराने जळून जाईल, असा हिशेब होता. रुमाल मांडणीमागे पडला.

५

मंगळवारी ओसरीवर खरेच एक बाई येऊन बसली. तिशीच्या आतबाहेरची, डोक्यावर फाट्यांच्या मोळीचा वळ. प्रथम मी तिच्याकडे पाहण्याचे टाळले. नागूने तिला “कोन गं तू?” असे विचारले आणि तिने उत्तर दिले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला, नागूलाही ती दिसत होती.

तिचे नाव जना. ठकीची मुलगी. ज्याच्या नावे तो तुकडा पुढे चढला, त्याने यंदा तेथे आंब्याची कलमे लावायचे ठरविले होते, आणि वाडीतल्या सहा घरांना पावसाच्या आधी उठायला सांगितले होते; घरे त्याच तुकड्याच्या कडेला होती. शुक्रवारी प्रांतसाहेब येणार हे तिला बाजारात कळले. साहेबांपुढे मांडायला आईच्या कागदाची नक्कल हवी, असे कोणीतरी सुचविले होते.

मी विचारले, आई स्वतः का आली नाही.

“होळीच्या आदी गेली,” जना म्हणाली. “जायच्या आदी चार दिस एकच बोलत व्हती. कचेरीत माजा हात लावायचा ऱ्हायलाय, म्हनं. आमाला वाटलं तापात बरळते.”

नागू हसला नाही. तो दुसरीकडे पाहू लागला.

“कागुद हाय का, रावसाब?” जनाने विचारले.

तो माझ्या बिछान्यात, गादीखाली होता. मी म्हणालो, शोधावा लागेल. गुरुवारी ये.

६

दोन दिवस मी हिशेब केला. कागद ‘ड’च्या रुमालातला होता, यादीत चढवला की शुक्रवारी आपोआप जळला असता. माझी चूक जळली असती आणि जनाजवळ दाखवायला काही उरले नसते. उलट कागद बाहेर काढला, तर खोट्या निशाणीबद्दल मला जाब द्यावा लागला असता आणि एकोणीस वर्षांची नोकरी गेली असती. मला त्या नोकरीचे फार प्रेम होते असे नाही. मी थकलो होतो, आणि थकलेल्या माणसाला उठून दुसरीकडे जायचे जिवावर येते, इतकेच.

बुधवारी मी राजीनामा जाळायच्या ढिगात ठेवला. यादीत त्याची नोंद केली. सहीशी आलो तेव्हा टाकाच्या शेंड्यावर पूर्वीसारखा भार आला. या वेळी तो काडीवरच्या चतुरासारखा नव्हता. बोट घट्ट टेकले होते. टाक खाली जाईना. दारामागे नख भुईवर ओढले जात होते, सावकाश, एकाच जागी. मी मान वळवली नाही. मला वाटते, वळवली असती तर दाराच्या फटीत निदान साडीचा काठ दिसला असता. आणि तो दिसला असता तर पुढे काय, हे मला ठाऊक नव्हते.

मी राजीनामा ढिगातून काढला. भार उतरला.

गुरुवारी मी नक्कल करून दिली, आणि सोबत माझे निवेदन लिहिले: ही निशाणी मी बाईच्या गैरहजेरीत काढली, मजकूर तिला वाचून दाखविला नाही, तिने टाकाला हात लावला नाही. ते लिहिताना शेंडा हलका होता.

नक्कल पोचल्याची जनाची निशाणी हवी होती. ठशाची शाई डबीत वाळून खडा झाली होती. नागू म्हणाला जुन्या रीतीने घ्या. मी मजकूर मोठ्याने वाचून दाखविला, जनाने मान हलवली, आणि वाकून टाकाच्या शेंड्याला बोट लावले.

मी वर्तुळ अर्धे काढले असेल. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“इथं आदीच कुनाचं बोट हाय,” ती हळूच म्हणाली.

तिचा हात दूर होता. टाकाचा भार तसाच होता. मी वर्तुळ पुरे केले, कारण अर्धी निशाणी ठेवता येत नाही.

७

पुढचे थोडक्यात सांगतो. प्रांतसाहेबांनी कागद पाहिले आणि छाटणीच्या कामावर समाधान व्यक्त केले. राजीनामा चुकीच्या वर्गात गेला होता, तो मी शोधून काढला, याबद्दल त्यांनी माझी वाखाणणी केली आणि तो ‘अ’ वर्गात ठेवण्याचा हुकूम दिला. माझे निवेदन रीतसर आवक-बुकात चढले. दोन महिन्यांनी त्यावर निकाल झाला. नागूने त्याची प्रत मला आणून दिली, तेव्हा मी प्रकृतीच्या कारणाने रजेवर होतो आणि नेरळला भावाकडे राहत होतो.

निकालात म्हटले होते की निवेदनाखाली कारकुनाची सही नाही. एका बाईची निशाणी आहे, आणि ती कोणासमक्ष झाली याचा उल्लेख नाही. जिचा हात लागल्याचे सिद्ध होत नाही, तिची निशाणी ग्राह्य धरता येत नाही. सबब निवेदन दप्तरी दाखल. वर्ग ‘ड’.

निवेदन लिहिताना टाक हलका होता, असे मी वर लिहिले आहे. तो मजकुरापुरता हलका होता. शेवटच्या ओळीनंतर काय झाले, ते मी तेव्हा पाहिले नाही. पाहायला हवे होते.

म्हणजे माझे खोटे कायमचे जपले जाईल, आणि माझे खरे पुढच्या एप्रिलात परसातल्या खड्ड्यात जळेल. यादीत कोणी तरी ‘नष्ट’ असे लिहील.

वाडीची घरे श्रावणाच्या आधी उठली. जना आता पळसदरीला मजुरीवर असते. परवा सकाळी ती माझ्याकडे आली. दुसरा अर्ज लिहून द्या म्हणाली. मी कोरा कागद घेतला. नाव, गाव, जात, धंदा, सारे लिहिले, आणि मजकुराशी थांबलो. माझी कबुली तिच्या कामाला आली नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी ती बाई जे सांगायला दोन दिवस ओसरीवर बसली होती, ते कोणत्याच कागदावर नव्हते.

“तुझ्या आईला त्या दिवशी काय सांगायचे होते?” मी जनाला विचारले.

“तिला कुनी इचारलंच नाय,” जना म्हणाली. “मंग ती कुनाला सांगंल?”

ऊन उंबऱ्यापर्यंत आले होते. शेंड्यावर बोट होते. ते आता मला सवयीचे झाले आहे. कोऱ्या जागेवर टाक टेकवून मी माझी बोटे एकेक करून सोडली. आधी मधले बोट, मग तर्जनी, मग अंगठा. हात मांडीवर घेतला.

टाक पडला नाही.

तो कागदावर उभा होता, टोक टेकलेले, किंचित कलता. जना उठली, डोक्यावरून पदर घेतला, आणि वडीलधाऱ्यांपुढे बसतात तशी खाली बसली. तिने माझ्याकडे पाहिले. तिला वाटत असावे, पुढचे मीच करायचे आहे.

ठकीला अक्षर येत नव्हते; ती आपणहून काही लिहिणार नाही, हे मला समजत होते. जबानी घेण्याची रीत मला पाठ आहे. प्रथम कारकुनाने विचारावे लागते.

परवापासून टाक तसाच उभा आहे. हे मी पेन्सिलीने लिहीत आहे. मी अजून विचारलेले नाही.